तेलवाल्या देशातलं स्वस्त पेट्रोल आणि त्याचा धूर: हिशोब स्वतः कसा लावायचा

दर वर्ष-दोन वर्षांनी एक बातमी येतेच, अमुक देशाने पेट्रोलवरची सबसिडी काढली, भाव दुप्पट-तिप्पट झाले, लोक रस्त्यावर आले, टायर जाळले. आणि त्याखाली कोणीतरी लिहितंच की चला, निदान पर्यावरणासाठी तरी बरं झालं. आता ते खरंच बरं झालं का, किती झालं आणि टिकलं का, हे बघायला अर्थशास्त्राची डिग्री लागत नाही. मोबाईलमधला कॅल्क्युलेटर, चार आकडे आणि कोणत्या आकड्यावर विश्वास ठेवायचा याची थोडी अक्कल एवढं पुरतं. स्पर्धा परीक्षेवाल्यांना उपयोगी पडेलच पण आखातात नोकरीला असलेल्या आपल्या लोकांना तर जास्तच, कारण त्यांच्या टाकीत हेच राजकारण भरलं जातं.

मी मुख्य उदाहरण इराणचं घेतोय. कारण या विषयात जे जे घडू शकतं ते सगळं तिथे घडून गेलंय, तेही एकदा नाही.

आधी सबसिडी म्हणजे नक्की काय ते ठरवा

इथेच निम्मे लोक घसरतात. आपल्या डोक्यात सबसिडी म्हणजे सरकारने खिशातून दिलेले पैसे. तेलवाल्या देशात बऱ्याचदा तसे पैसे कोणी देतच नाही, बजेट उघडून बघितलं तर तो आकडा सापडतही नाही. समजा देवगडला तुमची हापूसची बाग आहे आणि पेटी वाशी मार्केटला न पाठवता तुम्ही गावात दहा रुपयाला वाटली, तर तुमच्या वहीत खर्च म्हणून काही दिसणार नाही पण वाशीला मिळाले असते ते पैसे गेले ते गेलेच. तेलाचं असंच आहे, जे जगाच्या बाजारात विकता आलं असतं ते घरात फुकटच्या भावात दिलं.

म्हणून मोजायची पद्धत साधी आहे, तिला प्राइस गॅप म्हणतात आणि आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था म्हणजे आयईए हीच वापरते. बाहेरच्या बाजारात लिटरला काय भाव पडला असता (वाहतूक, वितरण वगैरे धरून) तो घ्या, त्यातून पंपावरचा भाव वजा करा, उरलं त्याला एकूण खपाने गुणा. झालं. आयईएच्या या हिशोबाने २०२२ मध्ये जगभरची अशी सबसिडी पहिल्यांदाच एक लाख कोटी डॉलरच्या वर गेली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा (आयएमएफ) त्याच वर्षाचा आकडा तुम्हाला सात लाख कोटी डॉलर असा दिसेल, तो बघून गोंधळू नका. नाणेनिधीची थेट सबसिडी १.३ लाख कोटीच आहे, बाकीच्यात प्रदूषण, हवामानाचं नुकसान, ट्रॅफिक आणि बुडालेला टॅक्स असं सगळं धरलंय. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर, फक्त एकाच वाक्यात मिसळू नका.

आपल्याकडेही याचा छोटा भाऊ होताच. मुंबई हायमधून तेल काढणाऱ्या ओएनजीसीला कित्येक वर्षं सरकारी तेल कंपन्यांना स्वस्तात क्रूड द्यायला लागायचं, त्याला अंडर-रिकव्हरी (म्हणजे स्वस्तात विकल्याने आलेली तूट) वाटून घेणं म्हणायचे. तोही बजेटमध्ये सरळ दिसणारा खर्च नव्हता.

इराणचा हिशोब करून बघू

एक सूचना आधीच. इराणचं अधिकृत चलन रियाल, पण लोक बोलतात तोमानमध्ये आणि १ तोमान म्हणजे १० रियाल. बातमीत कोणता शब्द आहे ते बघितलं नाही तर तुमचं उत्तर थेट दहा पटीने चुकेल. मी खाली सगळं तोमानमध्ये लिहितोय.

नोव्हेंबर २०१९ मध्ये एका रात्रीत नवा भाव जाहीर झाला, खाजगी गाडीला महिन्याला ६० लिटरपर्यंत १५०० तोमान आणि त्याच्यावर ३००० तोमान. त्यानंतर जे आंदोलन पेटलं त्यात तीनशेच्या वर माणसं मारली गेल्याची नोंद ॲम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेने केली, इंटरनेट जवळपास आठवडाभर बंद होतं. तेव्हा खुल्या बाजारात डॉलर साधारण १२ हजार तोमानला होता, म्हणजे लिटरचे भाव झाले १२-१३ सेंट आणि २५ सेंट.

आता २०२४ ला या. पंपावर आकडा तोच, १५०० आणि ३०००. पण डॉलर ६० हजार तोमानच्या आसपास गेलेला. भागाकार करा, अडीच सेंट आणि पाच सेंट. एवढी माणसं गेली, सरकारने नंतर एक पैसाही कमी केला नाही आणि तरीही पाच वर्षांत पेट्रोल जगाच्या भावाच्या मानाने जवळपास पाचपट स्वस्त होऊन बसलं. कोणी घोषणा केली नाही, महागाईने गुपचूप सबसिडी परत आणून ठेवली.

आता गुणाकार. रोजचा पेट्रोलचा खप १२ कोटी लिटरच्या आसपास धरा, बाहेरचा भाव आणि पंपाचा भाव यात लिटरमागे ६० सेंटचा फरक धरा (हा मी ढोबळ धरलाय, तुम्ही त्या महिन्याचा खरा भाव टाका). दिवसाला ७ कोटी २० लाख डॉलर, वर्षाला २६०० कोटी डॉलरच्या वर. आणि हे फक्त पेट्रोल, यात डिझेल, गॅस, वीज काहीच नाही.

धुराचं गणित त्याहून सोपं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड, डिझेलला २.७ किलो. १२ कोटी लिटर गुणिले २.३, दिवसाला पावणेतीन लाख टन, वर्षाला १० कोटी टन. इराण जगातल्या पहिल्या दहा उत्सर्जक देशांत का बसतो याचा एक तुकडा हा. पण एकच तुकडा, मोठा हिस्सा गॅस आणि विजेत आहे, त्याच्याकडे येतोच.

भाव वाढला तर खप किती पडेल

इथे लागते इलॅस्टिसिटी, म्हणजे भाव हलला की खप किती हलतो त्याचं माप. बऱ्याच देशांच्या अभ्यासांतून येणारा ढोबळ आकडा असा की भाव १० टक्के वाढला तर खप लगेच १ ते ३ टक्के पडतो आणि बऱ्याच वर्षांनी, लोकांनी गाड्या बदलल्या, घरं-ऑफिसं बदलली की ५ ते ७ टक्के. भाव दुप्पट झाला आणि तुम्ही मधला ०.२ हा आकडा (१० टक्क्यांना २ टक्के) धरला तर खप साधारण १३ टक्क्यांनी घटेल (सरळ २० नाही, कारण मोठ्या वाढीला कॅल्क्युलेटरवर २ चा उणे ०.२ घात काढायचा, उत्तर ०.८७). वरच्या १० कोटी टनांवर लावलं तर १ कोटी ३० लाख टन वाचले.

आता या उत्तराला लगेच मिठी मारू नका. पेट्रोल अडीच सेंटचं असेल तर दुप्पट होऊन पाच सेंटचं होतं, पगाराच्या मानाने ते अजूनही कस्पटासमान, माणूस गाडी कमी का चालवेल? युरोपातल्या पंपावरून काढलेली इलॅस्टिसिटी इथे जशीच्या तशी बसत नाही. दुसरं म्हणजे दीर्घकालीन आकडा गृहीत धरतो की लोक कमी पिणारी गाडी घेतील. इराणमध्ये निर्बंध आहेत, आयातीवर भिंती आहेत, देशी कंपन्यांचा प्राइड हा जुनाट मॉडेल २०२० पर्यंत कारखान्यातून निघत होता. चांगली गाडी बाजारातच नसेल तर भाव वाढवून माणूस फक्त चिडतो. म्हणून भावाच्या शेजारी एक प्रश्न लिहून ठेवा की लोकांना दुसरा पर्याय काय आहे: बस, मेट्रो, बरी गाडी, सीएनजी. पर्याय शून्य असेल तर इलॅस्टिसिटी खालच्या टोकाची धरा.

घोषणेची नाही, तीन वर्षांनंतरची तारीख बघा

माझ्या मते या सगळ्यातलं हे सगळ्यात कामाचं. इराणचंच २०१० बघा. १९ डिसेंबर २०१० ला अहमदीनेजाद सरकारने रेशनमधलं पेट्रोल १०० तोमानवरून ४०० आणि रेशनबाहेरचं ७०० केलं. त्या आधी २००७ मध्ये नुसतं रेशनिंग आणलं तर तेहरानमध्ये पंप जाळले होते, म्हणून या वेळी डोकं लावलं. माणशी महिना ४५,५०० तोमान कुटुंबप्रमुखाच्या बँक खात्यात आधीच जमा केले, पण पैसे गोठवलेले, खात्यात दिसतायत पण काढता येत नाहीत, आणि भाव वाढला त्या दिवशी मोकळे केले. दंगल झाली नाही. नाणेनिधीनेसुद्धा तेव्हा वाखाणलं होतं. मला विचाराल तर सरकारी योजना म्हणून हा डाव खरंच हुशारीचा होता.

आणि मग? तेव्हा डॉलर हजार-साडेदहाशे तोमानचा होता, म्हणजे पेट्रोल ४० सेंट आणि ७० सेंट, चक्क जगाच्या भावाला टेकलेलं. पण भाव कशालाच बांधला नव्हता, ना डॉलरला ना महागाईला. रियाल कोसळला आणि दोन-तीन वर्षांत सगळं धुऊन गेलं. मे २०१५ मध्ये रेशन काढून सरसकट १००० तोमान केला, २०१९ मध्ये परत वाढवला, परत तेच. आणि ती ४५,५०० ची मदत, जी सुरुवातीला ४४-४५ डॉलरची होती, ती २०२४ च्या भावाने एक डॉलरसुद्धा भरत नाही.

तेव्हा बातमी वाचताना "किती वाढवला" याच्या आधी "फॉर्म्युला आहे का" ते शोधा. यूएईने १ ऑगस्ट २०१५ ला भाव मोकळे केले आणि दर महिन्याला समिती नवा भाव जाहीर करते, पहिल्या महिन्यात स्पेशल ९५ (९५ ऑक्टेनचं पेट्रोल) १.७२ दिरहमवरून २.१४ ला गेलं. दुबई-शारजात राहणाऱ्यांना महिनाअखेरीला व्हॉट्सॲपवर येणारा भाव पाठच असेल. जुलै २०२२ मध्ये तेच ४.५२ दिरहमला गेलं, लोक कुरकुरले पण सरकारने फॉर्म्युला सोडला नाही. सौदीने उलट केलं. डिसेंबर २०१५ मध्ये ९५ पेट्रोल ६० हलालावरून (१०० हलाला म्हणजे १ सौदी रियाल) ९० ला नेलं, जानेवारी २०१८ ला २.०४ रियाल, आणि जुलै २०२१ मध्ये तेल वर जायला लागल्यावर राजाच्या हुकमाने ९१ ला २.१८ आणि ९५ ला २.३३ वर टोपी बसवली, म्हणजे भाव त्याच्या वर जाऊ द्यायचा नाही. जगात तेल जितकं महाग तितकी त्या टोपीखालची छुपी सबसिडी मोठी.

तिजोरीचा मूड आणि तेलाचा भाव

सबसिडी कधी निघते याचा पॅटर्न एकदा लक्षात आला की बातमी यायच्या आधीच वास येतो. २०१४ च्या मध्यापर्यंत तेल १०० डॉलरच्या वर होतं, जानेवारी २०१६ मध्ये ३० च्या खाली. आता तारखा लावा: इंडोनेशिया जानेवारी २०१५ (हा तर तोवर तेल आयात करणारा झाला होता), यूएई ऑगस्ट २०१५, सौदी डिसेंबर २०१५, ओमान जानेवारी २०१६, कुवेत सप्टेंबर २०१६. सगळे एकाच वेळी पर्यावरणवादी झाले नव्हते, पैसे संपत आले होते.

गंमत अशी की तेल स्वस्त असतं तेव्हा गॅपही लहान असतो, म्हणजे सबसिडी काढायला सोपी पण पंपावरचा भाव फार वाढत नाही आणि धूरही फार कमी होत नाही. तेल महाग असतं तेव्हा गॅप सगळ्यात मोठा, पण तेव्हा तिजोरी भरलेली असते आणि काढायची गरज कोणालाच वाटत नाही. म्हणून देशाचा फिस्कल ब्रेकइव्हन बघायचा, म्हणजे बजेट जुळवायला तेल किती डॉलरला विकलं गेलं पाहिजे. नाणेनिधी आखाती देशांसाठी तो छापते. बाजारभाव त्याच्या बराच खाली गेला की एक-दोन वर्षांत पंपावर काहीतरी होणार.

वाचलेला पैसा कुठे गेला हेही विचारायचं. रोख वाटला तर लोक त्यातून फ्रीज-एसी घेतात, धुराचा थोडा हिस्सा मागच्या दाराने परत. विमानतळ, सिमेंट, स्टीलमध्ये घातला तर अजून जास्त. बस आणि मेट्रोत घातला तर गोष्ट वेगळी. हे मोजणं अवघड आहे पण निदान दिशा लिहून ठेवा.

नायजेरिया: खप पडला की नुसता कागदावरून उतरला?

२९ मे २०२३ ला नायजेरियाचे नवे राष्ट्राध्यक्ष टिनुबू यांनी शपथविधीच्या भाषणातच सांगून टाकलं की पेट्रोल सबसिडी गेली. लिटर १९० नायराच्या आसपास होतं ते दोन दिवसांत ४८८ ते ५५७ वर आणि जुलैमध्ये ६१७ वर गेलं. सरकारी आकड्यात रोजचा खप सहा-साडेसहा कोटी लिटर असायचा तो पाच कोटीच्या आसपास उतरला. बघणाऱ्याला वाटेल वा, केवढी घट.

थांबा. शेजारच्या बेनिनमध्ये रस्त्याच्या कडेला बाटल्या आणि काचेच्या बरण्यांत पेट्रोल विकायला ठेवलेलं असायचं, त्याला तिथे क्पायो म्हणतात, ते सगळं नायजेरियाहून चोरून आलेलं. सबसिडी गेल्यावर बेनिनच्या कोटोनू शहरातला क्पायोचा भावही लगेच उडाला. म्हणजे नायजेरियाचा "खप" म्हणून जे मोजलं जात होतं त्यातला एक भाग बेनिन, टोगो, कॅमेरूनच्या मोटरसायकलींत जळत होता आणि एक भाग तर बहुतेक फक्त बिलावरच अस्तित्वात होता, कारण जितके लिटर दाखवाल तितकी सबसिडी मिळते. तस्करी थांबली तर नायजेरियाचा आकडा पडतो, पण बेनिनवाला आता पंपावरून पेट्रोल घेतो, धूर तिथलाच तिथे. इराणच्या बलुचिस्तान सीमेवरून निळ्या झम्याद पिकअप भरभरून पाकिस्तानात जाणाऱ्या डिझेलचं गणितही हेच. म्हणून खपाच्या घटीतून तस्करी वजा केल्याशिवाय पुढे जाऊ नका, नेमका आकडा मिळत नसेल तर शेजारी देशाची पेट्रोल आयात त्याच काळात वाढली का ते बघा, त्यावरून अंदाज येतो.

तरी खरी घटही आहे. नायजेरियात लाइट सतत जाते आणि घरोघरी, दुकानोदुकानी छोटे पेट्रोल जनरेटर, लोक त्याला "आय बेटर पास माय नेबर" म्हणतात. पेट्रोल महागल्यावर ते कमी चालायला लागले, सोलर पॅनेलची आयात वाढली. फक्त दुसऱ्या टोकाला रॉकेल आणि गॅस महागला की स्वयंपाकाला लाकूड आणि कोळसा परत येतो, आणि तोडलेलं झाड पंपाच्या आकड्यात दिसत नाही.

पंप सोडा, वीजघर आणि विहीर बघा

बातम्या पंपावर होतात कारण तिथे माणसं भांडतात. पण तेलवाल्या देशांत मोठा धूर दुसरीकडेच असतो. सौदीत उन्हाळ्यात एसीसाठी चक्क क्रूड ऑइल जाळून वीज बनवतात, रोजचे लाखो बॅरल, आणि वीजघरांना ते बाजारभावाच्या कितीतरी खाली मिळतं. जानेवारी २०१८ मध्ये घरगुती विजेचा सगळ्यात खालचा दर युनिटला ५ हलालावरून १८ झाला, पेट्रोलही वाढलं, ५ टक्के व्हॅटही आला, आणि गरीब-मध्यम घरांना सिटिझन अकाउंटमधून रोख मदत. त्या वर्षी देशाचं उत्सर्जन खरंच घटलं. पण त्याच काळात परदेशी कामगारांच्या कुटुंबांवर फी लावल्याने लाखो लोक देश सोडून गेले, त्यात आपलेही कितीतरी. रिकाम्या फ्लॅटचा एसी बंद झाला तो वीजदरामुळे नव्हे. एका वर्षात चार गोष्टी घडल्या असतील तर सगळं श्रेय एकीला देऊ नका.

आणि फ्लेअरिंग. तेलाबरोबर वर येणारा गॅस विहिरीवरच जाळून टाकतात, जगभरात २०२४ मध्ये सुमारे १५१ अब्ज घनमीटर, जागतिक बँक उपग्रहावरून मोजते. रशिया, इराण, इराक वरच्या नंबरात. याचा सबसिडीशी संबंध असा की देशात गॅसचा भाव सरकारने इतका खाली दाबलेला असतो की तो पकडून, साफ करून, पाइपात घालायचा खर्च निघतच नाही, काडी लावणं स्वस्त पडतं. इराकने बसऱ्याजवळ स्वतःचा गॅस जाळत वर्षानुवर्षं वीजघरांसाठी इराणकडून गॅस विकत घेतला. इराणमध्ये घरगुती गॅस इतका स्वस्त की हिवाळ्यात तुटवडा पडतो आणि मग वीजघरं माझुत जाळतात, म्हणजे गाळातलं जड काळं तेल, आणि शहरांवर धुरकट झाकण बसतं. पेट्रोलचा भाव कितीही वाढवा, याला हातही लागत नाही.

शेवटची ओळ: वाचलेलं बॅरल गेलं कुठे

आयात करणाऱ्या देशाने पेट्रोल वाचवलं तर ते विकत घेतलं जात नाही. निर्यात करणाऱ्याने वाचवलं तर ते बहुतेक वेळा जहाजात चढतं. ओपेक या तेलवाल्या देशांच्या संघटनेचे कोटे उत्पादनावर असतात, निर्यातीवर नाहीत, म्हणजे घरात एक बॅरल कमी जळलं की तेच बॅरल कोटा न मोडता बाहेर विकता येतं. त्यातून बाहेरचा भाव किंचित उतरतो, कोणीतरी ते जाळतं आणि देशाच्या खात्यातला धूर दुसऱ्याच्या खात्यात जातो. देशोदेशीचे उत्सर्जनाचे आकडे जिथे जळलं तिथे मोजतात, त्यामुळे निर्यातवाला कागदावर छान दिसतो.

याचं टोकाचं उदाहरण नॉर्वे. पेट्रोलवर जबर टॅक्स, १९९१ पासून कार्बन टॅक्स, तोही समुद्रातल्या तेलविहिरींवरसुद्धा, त्याच टॅक्सपायी स्लाइपनर फील्डवर १९९६ पासून कार्बन डायऑक्साइड परत समुद्रतळाखाली ढकलतात, सुरुवातीची कित्येक वर्षं तर वर्षाला जवळपास १० लाख टन. २०२४ मध्ये विकलेल्या नव्या गाड्यांपैकी ८९ टक्के इलेक्ट्रिक. घरातलं धोरण म्हणून एकदम कडक. आणि काढलेलं बहुतेक सगळं तेल-गॅस बाहेर विकलं, तो धूर नॉर्वेच्या वहीत नाही.

तर वहीत दोन रकाने ठेवा. डावीकडे देशात किती धूर घटला: खपातली घट, वजा तस्करी, वजा लाकूड-कोळसा. उजवीकडे निर्यात किती वाढली. सबसिडी काढल्याच्या पुढच्या तीन वर्षांत उजवा रकाना डाव्याइतकाच फुगला असेल तर जगाच्या हवेत फार थोडा फरक पडला असं समजा, त्या देशाच्या तिजोरीत मात्र नक्की पडला. डावा रकाना भरताना भाव डॉलरमध्ये लिहायचा आणि दर सहा महिन्यांनी परत भागाकार करायचा, इराणसाठी तर दर महिन्याला.